पत्र येतं, आयपी असतो, पण माणूस सापडत नाही: विद्यापीठातले लॉग जुळत का नाहीत आणि ते कसे जुळवायचे

लक्षण ओळखीचं आहे. संगणक केंद्राच्या मेलवर सर्ट-इनकडून (केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा यंत्रणेकडून) किंवा इंटरनेट पुरवठादाराकडून पत्र येतं: तुमच्या अमुक पब्लिक आयपीवरून (इंटरनेटवर दिसणाऱ्या पत्त्यावरून) अमुक वेळी बाहेरच्या सर्व्हरवर हल्ल्याचा प्रयत्न झाला, कारवाई करून कळवा. आत-बाहेर जाणाऱ्या जोडण्या तपासणारी फायरवॉल आहे, उपकरणांच्या नोंदी म्हणजे लॉग साठवणारा सर्व्हर आहे, वसतिगृहाच्या वायफायला लॉगिनही आहे. तरी दोन दिवस शोधाशोध होते आणि 'संबंधित संगणक आढळून आला नाही' असं उत्तर जातं. महिन्याभरात त्याच आयपीबद्दल दुसरं पत्र येतं, कारण बाधित लॅपटॉप अजून तिथेच चालू असतो.

असं वारंवार होत असेल तर नवीन सिमची (सगळे लॉग एकत्र करून धोके दाखवणाऱ्या प्रणालीची) निविदा काढायची घाई करू नका. लॉग बहुधा असतात, पण एकमेकांशी जुळत नाहीत. न जुळणारे लॉग महागड्या डॅशबोर्डवर टाकले तर न जुळणारेच दिसतात, फक्त रंगीत दिसतात. आधी घड्याळ, मग ओळख, मग गळती आणि शेवटी अलर्ट व अधिकार, या क्रमाने काम करा. पहिल्या दोन गोष्टींना वेगळा खर्च जवळपास लागत नाही आणि निम्म्याहून जास्त अडचण तिथेच सुटते.

घड्याळ

नमुना म्हणून एक पत्र घेऊ. आयपी २०३.०.११३.२५, सोर्स पोर्ट (जोडणी ज्या क्रमांकावरून निघाली तो) ४१८७२, वेळ १४:३२:०७. तंत्रज्ञ फायरवॉलमध्ये दुपारी अडीचच्या सुमाराचे लॉग काढतो. तिथे ग्रंथालयातला एक संगणक सापडतो. तो उचलून फॉरमॅट होतो आणि प्रकरण मिटलं असं सगळे समजतात. पण पत्रातली वेळ यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) होती. आपली वेळ साडेपाच तास पुढे, म्हणजे खरी घटना रात्री ८ वाजून २ मिनिटं ७ सेकंदांची. त्या वेळी ग्रंथालय बंद होतं आणि वसतिगृह भरलेलं होतं. निरपराध यंत्र फॉरमॅट झालं आणि दोषी यंत्र चालूच राहिलं.

म्हणून पत्र हातात आलं की आधी टाइम झोन बघा. लिहिलेला नसेल तर पाठवणाऱ्याला विचारा आणि उत्तर येईपर्यंत दोन्ही वेळांचे लॉग बाजूला काढून ठेवा. सोर्स पोर्ट नसेल तर तोही मागा. एका पब्लिक आयपीमागे हजारभर विद्यार्थी असतात, त्यामुळे पोर्टशिवाय शोध घेणं म्हणजे नाव माहीत नसताना नागपूरच्या सीताबर्डीच्या गर्दीत माणूस शोधणं.

नंतर आपली उपकरणं तपासा. सर्ट-इनच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार घड्याळं एनआयसी (राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र) किंवा एनपीएल (राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा) यांच्या एनटीपी सर्व्हरशी (नेटवर्कवरून अचूक वेळ देणाऱ्या), किंवा त्यांच्याशी जोडलेल्या सर्व्हरशी जुळवलेली असावी लागतात. प्रत्येक नेटवर्क स्विचने थेट बाहेर जायची गरज नाही. परिसरात दोन लिनक्स यंत्रांवर क्रोनी (वेळ जुळवणारं सॉफ्टवेअर) चालवा, ती 'समय१ डॉट एनआयसी डॉट इन' आणि 'समय२ डॉट एनआयसी डॉट इन' या सर्व्हरशी जोडा आणि बाकी सगळी उपकरणं या दोन यंत्रांकडे वळवा. फायरवॉलमध्ये यूडीपी १२३ (एनटीपीचा पोर्ट) बाहेर जाण्याची परवानगी फक्त या दोघांनाच द्या. त्यामुळे एखादा सीसीटीव्ही रेकॉर्डर परस्पर कुठल्यातरी बाहेरच्या सर्व्हरवरून वेळ घेत असेल, तर तोही लगेच उघडा पडतो.

तपासणी सोपी आहे. फायरवॉल, डीएचसीपी सर्व्हर (आतले आयपी वाटणारा), रेडियस (नेटवर्कचं लॉगिन तपासणारा), डोमेन कंट्रोलर (विंडोजची खाती सांभाळणारा), वायफाय कंट्रोलर आणि परीक्षा विभागाचा वेब सर्व्हर या सहा ठिकाणी एकाच वेळी वेळ बघा आणि फरक सेकंदांत कागदावर मांडा. २ सेकंदांपर्यंत चालेल. मिनिटाच्या वर फरक असेल तर त्या यंत्राचे जुने लॉग वाचताना तेवढी वजाबाकी करावी लागेल, म्हणून तो कागद जपून ठेवा. आभासी यंत्रांमध्ये (एका सर्व्हरवर सॉफ्टवेअरने चालवलेल्या संगणकांमध्ये) एक खास चूक होते: पाहुणं यंत्र एनटीपीवरून वेळ घेतं आणि खालचा होस्टही त्याच्यावर स्वतःची वेळ लादतो. दोघांच्या ओढाताणीत घड्याळ मागेपुढे उड्या मारतं. यातला एकच मार्ग चालू ठेवा.

नागपुरात आणखी एक गोष्ट आड येते. मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे गेला की सर्व्हर खोलीचा एसी हात टेकतो आणि यंत्रं तापमानामुळे स्वतःहून बंद होतात. मृगाच्या आधीच्या वादळात वीज जाते आणि इमारतींमधल्या छोट्या स्विचना यूपीएस नसतो. घड्याळाला बॅटरी नसलेले स्विच वीज आल्यावर वर्षानुवर्षं मागच्या तारखेने सुरू होतात. सिस्कोच्या अनेक स्विचवर ओळीच्या सुरुवातीला तारांकन आणि 'मार्च १' दिसलं, तर ते घड्याळ अजून जुळलेलं नाही असं समजा. लॉग सर्व्हरने उपकरणाच्या वेळेबरोबर स्वतःकडे ओळ पोचल्याची वेळही नोंदवली पाहिजे. आर-सिसलॉग या लॉग गोळा करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये दोन्ही वेळा साठवणारा साचा लिहिता येतो. एवढ्या एका बदलामुळे वीज गेल्यानंतरचे तास हातचे जात नाहीत.

ओळख: आयपीपासून माणसापर्यंत

घड्याळ जुळलं की साखळी चार कड्यांची उरते. नॅट म्हणजे आतले अनेक आयपी एका पब्लिक आयपीमागे ठेवण्याची पद्धत; तिचा लॉग पब्लिक आयपी आणि पोर्टवरून आतला आयपी सांगतो. डीएचसीपी त्या आयपीवरून मॅक ॲड्रेस (उपकरणाचा हार्डवेअर पत्ता) सांगतो. रेडियस अकाउंटिंग (कोण कधी जोडलं याची नोंद) मॅकवरून लॉगिन सांगतं, आणि लॉगिनवरून नोंदणी क्रमांक मिळतो. यातली एक कडी जरी नसली तरी पुढचं काहीच हाती लागत नाही.

नॅट लॉग. अनेक फायरवॉलमध्ये नियमाची लॉगिंग मुळात 'फक्त सुरक्षा घटना' अशी असते. म्हणजे अडवलेली जोडणी नोंदली जाते, पण जाऊ दिलेली नाही. आणि तक्रार तर जाऊ दिलेल्या जोडणीबद्दलच येते. बाहेर जाणाऱ्या प्रत्येक नियमावर सगळ्या सेशनची (जोडण्यांची) लॉगिंग चालू करा. दुसरी फसगत अशी की बहुतेक फायरवॉल सेशन संपल्यावर ओळ लिहितात. ८:०२ ला सुरू होऊन ९:४० ला संपलेली जोडणी लॉगमध्ये ९:४० ला दिसते. म्हणून शोध फक्त घटनेच्या मिनिटात घेऊ नका. पुढचे किमान ६ तास बघा आणि सेशनचा कालावधी वजा करून सुरुवातीची वेळ काढा.

डीएचसीपी. सध्याच्या लीजची (ठरावीक काळासाठी दिलेल्या आयपींची) यादी बघून उपयोग नाही, कारण ती आजची आहे. हवा असतो इतिहास: कुठला आयपी कोणाला कधी दिला, कधी नूतनीकरण झालं, कधी सोडला. विंडोजचा डीएचसीपी सर्व्हर ऑडिट लॉग आठवड्याच्या वारानुसार फाइलमध्ये लिहितो आणि पुढच्या आठवड्यात त्याच वाराची फाइल पुसून टाकतो. म्हणजे त्या फायली रोज दुसरीकडे गेल्या नाहीत, तर तुमच्याकडे सातच दिवसांचा इतिहास आहे. पत्र मात्र दहा-बारा दिवसांनीही येतं. लीजचा काळ वसतिगृहात ८ तास आणि वर्गांच्या वायफायवर १ ते २ तास ठेवा. वर्गात तो जास्त ठेवला तर आयपी संपतात, फार कमी ठेवला तर एकच आयपी दिवसभरात अनेकांच्या हातून फिरतो आणि घड्याळातली छोटीशी चूकही महागात पडते.

मॅक. अँड्रॉइड १० पासून आणि आयओएस १४ पासून फोन प्रत्येक वायफायसाठी बनावट मॅक वापरतात. ओळखायची खूण मॅकच्या दुसऱ्या अक्षरात असते: ते २, ६, ए किंवा ई असेल तर पत्ता उपकरणाचा मूळचा नाही. त्यामुळे 'मॅकची नोंदवही' ठेवून माणूस ओळखायची जुनी पद्धत आता चालत नाही. ओळख लॉगिनवरूनच ठरवायची. त्यासाठी ८०२.१एक्स लागतं, म्हणजे प्रत्येकाचं स्वतःचं नाव आणि पासवर्ड. एज्युरोम (शिक्षणसंस्थांचं सामाईक वायफाय) असेल तर तुमची यंत्रणा या वाटेवर आधीच आहे. सगळ्या वसतिगृहाला एकच वायफाय पासवर्ड असेल, तर त्या नेटवर्कपुरती साखळी तुटलेलीच समजा.

रेडियस. लॉगिन तपासणं यूडीपी १८१२ वर होतं आणि अकाउंटिंग १८१३ वर. पुष्कळ ठिकाणी पहिलं चालू असतं आणि दुसरं कोणी चालूच केलेलं नसतं, कारण त्याच्यावाचून वायफाय चालतं आणि तक्रार कोणी करत नाही. अकाउंटिंग सुरू करा आणि मधले अपडेट ६०० सेकंदांवर ठेवा. मग प्रत्येक ओळीत लॉगिन, मॅक आणि मिळालेला आयपी एकत्र येतात का ते पाहा. आयपी रिकामा दिसला तर कारण बहुधा असं असतं की जोडणी झाल्या क्षणी डीएचसीपीने आयपी दिलेलाच नव्हता. मधल्या अपडेटमध्ये तो येतो, म्हणूनच ते अपडेट हवेत.

आयपीव्ही६ (आयपी पत्त्यांची नवी पद्धत) चालू असेल तर नॅट नाही आणि बऱ्याचदा डीएचसीपीही नाही. उपकरण स्वतःच पत्ता बनवतं आणि तो बदलतंही. कोअर स्विचवरून दर ५ मिनिटांनी नेबर टेबल (कुठला आयपी कुठल्या मॅकचा हे दाखवणारा तक्ता) ओढून साठवा, दुसरा सोपा उपाय नाही.

सामाईक खाती

नेटवर्कची साखळी पूर्ण झाली तरी परीक्षा विभागाच्या प्रणालीत ओळख पुन्हा हरवते. एका विद्यापीठाचा कारभार नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया अशा चार जिल्ह्यांतल्या महाविद्यालयांपर्यंत पसरलेला असला, की अंतर्गत गुण भरायला प्रत्येक महाविद्यालयाला एक लॉगिन दिलं जातं. ते प्राचार्यांकडे असतं, कारकुनाकडे असतं आणि टेबलाच्या काचेखाली चिठ्ठीवरही असतं. गुण बदलले गेले तर लॉग एवढंच सांगतो की महाविद्यालयाने बदलले. एवढ्यावरून एखाद्या कारकुनावर संशय घेणं अन्यायाचं आहे आणि खरा दोषी सोडून देणं हाही विद्यार्थ्यांवर अन्यायच आहे. गुण भरणारा, तपासणारा आणि कायम करणारा अशी तीन वेगळी माणसं, तीन वेगळी खाती आणि मोबाइलवर ओटीपी, याहून कमी काही चालवून घेऊ नका.

डेटाबेसचा लॉग इथे मदत करत नाही, कारण ॲप एकाच डेटाबेस खात्याने सगळं लिहितं. ॲपमध्येच वेगळा ऑडिट तक्ता लागतो: कोणी, कधी, कुठल्या आयपीवरून, जुने गुण किती, नवे किती. त्या तक्त्यात ॲपच्या खात्याला फक्त भर घालायची परवानगी द्या, बदलायची किंवा पुसायची नाही.

आयपीबद्दल आणखी एक. वेब सर्व्हरपुढे रिव्हर्स प्रॉक्सी किंवा लोड बॅलन्सर (भेटी आधी स्वतःकडे घेऊन पुढे पाठवणारं यंत्र) असेल तर ॲपला प्रत्येक भेट प्रॉक्सीच्याच आयपीवरून आल्यासारखी दिसते. एक्स-फॉरवर्डेड-फॉर हा हेडर (भेटीसोबत मूळ आयपी सांगणारी ओळ) नोंदवा, पण फक्त आपल्या प्रॉक्सीने लिहिलेलाच खरा धरा. बाहेरून आलेला तसाच स्वीकारला तर कोणीही हवा तो आयपी लिहून पाठवू शकतो.

गळती: लॉग निघतात पण पोचत नाहीत

सिसलॉग (लॉग पाठवायची नेहमीची पद्धत) यूडीपी ५१४ वर पाठवला तर, यूडीपीला पोचपावती नसल्यामुळे, हरवलेल्या ओळीची खबर कोणालाच नसते. लिनक्सवर नेटस्टॅटच्या यूडीपी आकडेवारीत 'रिसीव्ह बफर एरर्स' बघा. तो आकडा वाढत असेल तर लॉग सर्व्हर ओळी टाकून देतोय. मूळ बफर साधारण २०८ किलोबाइटचा असतो, निकालाच्या दिवशी तो क्षणात भरतो. तो २५ मेगाबाइटपर्यंत वाढवा. जमेल तिथे टीसीपी (पोचपावती घेणारी पद्धत) वापरा, आणि दूरच्या इमारतींचे लॉग ज्या मधल्या यंत्रावर जमतात तिथे आर-सिसलॉगची डिस्कवरची रांग १ ते २ गिगाबाइटची ठेवा. लॉग सर्व्हर बंद असताना ओळी त्या रांगेत थांबतात.

जागेचा हिशेब आधी करा. सेकंदाला १५०० ओळी आणि सरासरी ५०० बाइट धरले तर दिवसाला ६५ गिगाबाइट होतात. सर्ट-इनच्या निर्देशांनुसार लॉग १८० दिवस आणि भारताच्या हद्दीत ठेवायचे असतात, म्हणजे साधारण ११.७ टेराबाइट. सगळं शोधता येण्याजोगं ठेवायचा अट्टहास करू नका. शेवटचे ३० दिवस इंडेक्समध्ये (लगेच शोधता येतील असे) ठेवा, बाकीचे रोज जीझिप करून वेगळ्या डिस्कवर टाका. मजकुराचे लॉग दाबले की बहुधा दहाव्या हिश्श्याच्या आसपास उतरतात, म्हणजे उरलेले १५० दिवस टेराबाइटभर जागेत मावतात.

इलॅस्टिकसर्च, ओपनसर्च (लॉग साठवून शोधणारी सॉफ्टवेअर) किंवा त्यांवर चालणारं वाझुह (सिमचंच एक सॉफ्टवेअर) वापरत असाल तर डिस्कची ९५ टक्के ही रेघ लक्षात ठेवा. तिथे पोचल्यावर इंडेक्स फक्त वाचण्यापुरते उरतात. स्क्रीन उघडते, जुने लॉग दिसतात, सगळं ठीक वाटतं आणि नवीन मात्र काहीच येत नाही. ८० टक्क्यांवर मेल येईल अशी सोय करा.

विंडोज सर्व्हरवर सिक्युरिटी लॉगचा मूळ आकार लहान असतो. गर्दीच्या डोमेन कंट्रोलरवर तो काही तासांत स्वतःवरच लिहायला लागतो. तो किमान १ गिगाबाइट करा.

प्रयोगशाळांतली अडचण वेगळी आणि सगळ्यात जास्त छळणारी आहे. ६० संगणक एकाच प्रतिमेवरून (डिस्कच्या तयार प्रतीवरून) क्लोन होतात. वाझुहचा एजंट (लॉग पाठवणारा छोटा प्रोग्रॅम) त्या प्रतिमेत आधीच नोंदलेला असेल, तर साठही यंत्रांकडे एकच किल्ली जाते. यादीत एकच यंत्र दिसतं आणि ते दर मिनिटाला जोडतं-तुटतं. एजंट प्रतिमेत ठेवा, पण नोंदणी करू नका. 'क्लायंट डॉट कीज' ही फाइल रिकामी हवी, म्हणजे पहिल्यांदा सुरू होताना प्रत्येक यंत्र पोर्ट १५१५ वर स्वतःची नोंद करेल. त्यात डीप फ्रीझसारखं (रीबूटला यंत्र मूळ स्थितीत आणणारं) सॉफ्टवेअर असेल तर उलटी गंमत होते: प्रत्येक रीबूटला किल्ली पुसली जाते आणि यादीत मेलेल्या एजंटची रांग वाढत जाते. म्हणून क्लोन केल्यावर फ्रीझ उघडा, यंत्राचं नाव बदला, एजंटची नोंद होऊ द्या, सर्व्हरच्या यादीत ते हिरवं दिसलं की मगच पुन्हा फ्रीझ करा. अशा यंत्रावरचे स्थानिक लॉग रीबूटनंतर उरत नाहीत, त्यामुळे संशयित संगणक बंद करू नका ही सूचना लॅब असिस्टंटला लेखी द्या.

अलर्ट

सुरुवातीला मोजकेच अलर्ट ठेवा. सगळ्यात उपयोगी अलर्ट हल्ल्याचा नाही, शांततेचा आहे: महत्त्वाच्या स्रोताकडून १५ मिनिटं एकही ओळ आली नाही. त्यानंतर विंडोजचे तीन क्रमांक: ११०२ म्हणजे सिक्युरिटी लॉग पुसला, ४७३२ म्हणजे स्थानिक सुरक्षा गटात (उदाहरणार्थ ॲडमिन गटात) कोणाची तरी भर पडली, ७०४५ म्हणजे नवीन सर्व्हिस बसली. शिवाय एकाच व्हीपीएन (बाहेरून आतल्या नेटवर्कमध्ये येण्याची सुरक्षित वाट) खात्याचं तासाभरात परिसरातून आणि परदेशातून लॉगिन, आणि गुण भरण्याची मुदत संपल्यानंतर गुणांच्या तक्त्यात झालेला बदल.

पासवर्डच्या चाचपणीचा नियम जपून लिहा. '१० मिनिटांत एका आयपीवरून २० खात्यांवर चुकीचं लॉगिन' हा नियम निकालाच्या दिवशी खोटी ओरड करतो, कारण एका महाविद्यालयाच्या लॅबमधली ४० मुलं एकाच आयपीमागे असतात. त्यांतली बहुतेक दुसऱ्या प्रयत्नात आत जातात. चुकलेल्या खात्यांपैकी यशस्वी किती हेही मोजा. २० पैकी १५ पुढे आत गेली तर मुलं आहेत, एकच गेलं किंवा कोणीच नाही तर हल्ला आहे.

अधिकार आणि सहा तास

अलर्ट शुक्रवारी रात्री ११ ला आला, कुलसचिवांचा फोन बंद आहे आणि ड्युटीवरच्या माणसाला पोर्ट बंद करायचा अधिकार नाही. मग आधीची सगळी मेहनत सोमवारपर्यंत थांबते. सर्ट-इनला घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवायचं असतं. त्यात शनिवार-रविवार वगळलेले नाहीत.

कुलसचिवांच्या सहीचा एक पानाचा आदेश आधीच काढून ठेवा. ड्युटीवरच्या माणसाने न विचारता करायच्या गोष्टी: स्विचचा पोर्ट बंद करणं, उपकरण विलग व्हीलॅनमध्ये (वेगळ्या काढलेल्या नेटवर्कमध्ये) टाकणं, विद्यार्थ्याचं किंवा कर्मचाऱ्याचं खातं तात्पुरतं गोठवणं, बाहेरचा आयपी अडवणं. विचारून करायच्या गोष्टी: परीक्षा किंवा निकालाचा सर्व्हर उतरवणं, संपूर्ण इंटरनेट तोडणं. विचारायचं कोणाला हेही तिथेच लिहा, पहिल्याने २० मिनिटांत फोन उचलला नाही तर दुसरा आणि तिसरा कोण, तेही.

बाधित यंत्राची नेटवर्क केबल काढा, वीज काढू नका. मेमरीत चालू असलेला पुरावा वीज गेल्यावर नाहीसा होतो. फॉरमॅट तर मुळीच करू नका; आपल्याकडे विषाणू म्हटलं की हात आधी फॉरमॅटकडे जातो, ती सवय मोडायला हवी. डिस्कची पूर्ण प्रत घ्या, तिचा एसएचए-२५६ हॅश (प्रतीचा बोटाच्या ठशासारखा आकडा) काढा, कागदावर लिहून दोघांच्या सह्या घ्या. प्रकरण सायबर पोलिसांकडे गेलं तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालच्या प्रमाणपत्रात हॅश द्यावाच लागतो. सर्ट-इनला पहिल्या कळवण्यात सगळी माहिती असायलाच हवी असं नाही. तेव्हा जे ठाऊक आहे ते पाठवा, बाकीचं मागाहून जोडा.

कोण कुठली साइट बघतो हे सगळं या लॉगमध्ये असतं, त्यामुळे शोध घ्यायचा अधिकार दोघा-तिघांपुरताच ठेवा. प्रत्येक शोधाला तक्रारीचा संदर्भ क्रमांक लिहायला लावा. कुणाच्या सांगण्यावरून एखाद्या मुलीच्या फोनचा मागोवा काढला जाणं ही हल्ल्याइतकीच गंभीर घटना आहे.

तालीम

तीन महिन्यांतून एकदा चाचणी घ्या. संगणक केंद्रातल्या एकाने वसतिगृहाच्या वायफायवर स्वतःच्या फोनवरून बाहेरच्या आपल्याच सर्व्हरला जोडणी करावी. त्या सर्व्हरवर दिसलेला पब्लिक आयपी, सोर्स पोर्ट आणि यूटीसी वेळ चिठ्ठीवर लिहून १२ दिवसांनी दुसऱ्याच्या हातात द्यावी, आणखी काही सांगू नये. त्याने ३० मिनिटांत लॉगिनचं नाव सांगितलं पाहिजे. वेळेवर अडला तर घड्याळाच्या कागदाकडे जा. आतला आयपी मिळाला नाही तर फायरवॉलची लॉगिंग बघा. मॅक मिळाला नाही तर डीएचसीपीच्या फायली रोज उचलल्या जातात का ते तपासा. मॅक मिळून नाव मिळालं नाही तर १८१३ वरचं अकाउंटिंग बंद पडलेलं असेल. वायफाय कंट्रोलरचं फर्मवेअर बदलल्यावर ते बंद पडू शकतं.